तळाला काय लागलंय ते सांगा

आमच्या मॅडम चहा ढवळायला लागल्या की स्टाफरूममधली मंडळी गप्प व्हायची. साखर विरघळावी म्हणून त्या चहा ढवळत नसत, त्या चहा आटवत. चमचा कपाच्या तळाला घासून कडेनं वर घ्यायचा, पुन्हा खाली न्यायचा. नजर खिडकीबाहेरच्या बाभळीवर आणि मनगट आपलं आपण चाललेलं. तास संपल्याची घंटा होईस्तोवर आमच्या कँटीनच्या त्या पाणचट चहावर बोटभर साय धरायची. एकदा तर शिपायानं त्यातून पेढा वळून गणपतीपुढं ठेवला. तो शिपाई आता रिटायर होऊन गावी गेलाय, नाहीतर तुमच्यापुढं उभा केला असता.

त्यांच्या उजव्या मनगटातून दर फेरीला कट् असा आवाज यायचा. नवीन लागलेल्या माणसाला वाटायचं, भिंतीवरचं घड्याळ आहे. भूम तालुक्यातल्या एका खव्याच्या भट्टीवर त्या वाढलेल्या. कढईत दूध ओतलं की त्याचा गोळा होईपर्यंत हात थांबवायचा नाही. थांबला की तळाला लागलंच आणि सगळी कढई करपली. त्या भट्टीपुढं बसून त्यांनी पाढे पाठ केले, बारावी केली, पुढं यंत्र अभियांत्रिकीत डॉक्टरेट घेतली, पण मनगटाला कुणी सांगितलंच नाही की बाबा, आता तुला सुटी झाली.

कुणी काहीही सांगायला आलं की चमचा न थांबवता त्यांचं एकच वाक्य असायचं. "वर काय दिसतंय ते नका सांगू. तळाला काय लागलंय ते सांगा." विद्यार्थी प्रोजेक्ट घेऊन आला तरी हेच, मेथीची जुडी विकणारा आला तरी हेच. एका पोरानं प्रेमात पडून नापास झालो म्हणून रडून सांगितलं, त्यालाही हेच विचारलं. पोरगं विचार करत घरी गेलं आणि पुढच्या परीक्षेत विद्यापीठात पहिलं आलं. मुलीचं काय झालं ते मला माहीत नाही. ती दुसरी आली म्हणतात.

मी त्याच विभागात मशीन ड्रॉइंग शिकवायचो, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास असला की प्राध्यापक आणि नसला की सासऱ्याच्या शेतात गडी. मॅडम मला मास्तर म्हणायच्या. कॉलेज विद्यापीठाचंच, पण विद्यापीठ लांब आणि आम्ही धाराशिवबाहेरच्या एका माळावर. वारा असा की फळ्यावर डाव्या कोपऱ्यात काढलेला नट घसरत जाऊन उजव्या कोपऱ्यातल्या बोल्टात बसायचा.

या आमच्या विभागात मॅडम एकट्याच बाई. त्यामुळं कुठलाही समारंभ असो, सत्काराचं ताट त्यांच्याकडं. शाल, नारळ, गुच्छ असं सगळं घेऊन त्यांनी स्टेजच्या कडेला उभं राहायचं, पुरुष मंडळींनी एकमेकांच्या खांद्यावर शाली टाकायच्या, आणि फोटोत मॅडमचं कोपर तेवढं यायचं. कॉलेजच्या भिंतीवर त्यांच्या कोपराचे इतके फोटो आहेत की नुसत्या कोपरावरून मी त्यांना जत्रेत ओळखीन.

एका स्नेहसंमेलनात त्यांनी ताटाला खालून बेअरिंगं बसवली. आमचं स्टेज एका बाजूला उतरतं, हे सगळ्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं, पण हिशेबात धरलं ते त्यांनीच. त्यांनी टेबलावर ताट ठेवलं, बोटानं हलकं ढकललं, आणि शाल-नारळासकट ते सुळकन प्रमुख पाहुण्यांपुढं जाऊन उभं राहिलं. टाळ्या पडल्या. मॅडम माइकवर म्हणाल्या, "आता ताट आपलं आपण जातंय. मला खाली खुर्चीवर बसू द्या."

त्याच आठवड्यात आमच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे हेडसरांनी, 'स्वयंगतिक सत्कार-ताट' म्हणून पेटंटला अर्ज टाकला. स्वतःच्या नावानं.

हेडसर म्हणजे वाईट माणूस, असं कुणी समजू नका. माझ्या लग्नात स्वतः उभं राहून पंगत वाढणारा माणूस तो. पण त्यांना अर्जाची सवय होती. छत्रीला बॅटरी लावली, टाक अर्ज. खुर्चीला पंखा लावला, टाक अर्ज. बॅटरी भिजायची, पंखा बसणाऱ्याचं धोतर ओढायचा, पण अर्ज गेलेला असायचा. त्यांच्या केबिनची भिंत सर्टिफिकेटांनी अशी भरली होती की चुना लावायचा खर्च वाचला. आणि इतर विभागांतल्या बायका? पलीकडच्या केमिस्ट्रीच्या बाईंनी सोयाबीनच्या भुश्शापासून काहीतरी भन्नाट केलेलं, ते कपाटात. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाईंचं दूध तपासायचं यंत्र, तेही कपाटात. विचारलं की म्हणायच्या, अजून एकदा तपासून बघते, मग बघू. आमच्याकडं पुरुषांच्या भिंतीवर सर्टिफिकेटं आणि बायकांच्या कपाटात यंत्रं, अशी वाटणी होती.

ताटाच्या अर्जाचं मॅडमना काही वाटलं नाही. "नेऊ द्या," म्हणाल्या, "मला त्या ताटाचा कंटाळाच होता."

पण खव्याच्या यंत्राची गोष्ट वेगळी.

खवा हलवायची यंत्रं बाजारात होती. मोटर फिरते, पातं फिरतं, दूध पातळ आहे तोवर सगळं ठीक. पण खवा घट्ट व्हायला लागला की पातं आपलं त्याच वेगानं गोल गोल, आणि तळाला चिकटायचं ते चिकटायचंच. शेवटी बाईनं मशीन बंद करून, धुरात तोंड घालून हातानंच गोळा काढायचा. मॅडमनी पात्याच्या मागं एक सांधा बसवला. खवा घट्ट झाला की सांधा ते ओळखायचा, दाब वाढवायचा, वळायचा, तळ खरवडून कडेनं वर यायचा. म्हणजे त्यांनी स्वतःचं मनगटच लोखंडात उतरवलं. आवाजसुद्धा तोच, कट्. आम्ही वर्कशॉपच्या बाहेर उभे राहिलो तर आत मॅडम आहेत की मशीन, हे कळायचं नाही.

वर्षं गेली त्यात. यंत्र चालतंय असं आम्हाला वाटायचं, तेव्हा त्या कढई उलटी करून नखानं खरवडून बघायच्या. "लागतंय अजून." अर्ज टाका म्हटलं की हेच. त्या काळात आम्ही विभागात इतका खवा खाल्ला की माझी सगळी शर्टं धाकट्या भावाला गेली.

मग एका दिवशी त्यांनी नख बघितलं, आणि नखाला काही नव्हतं. त्यांनी मोटर बंद केली आणि उजवा हात मांडीवर ठेवून नुसत्या बसून राहिल्या. मनगट थांबलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

यंत्र झालं ही बातमी हेडसरांना कळली आणि त्यांच्याकडून पुण्याच्या एका कंपनीला. आता एक गुपित सांगतो. आमच्या विद्यापीठात तंत्रज्ञान हस्तांतरणाचा एक कक्ष आहे, त्याला दार आहे, दारावर पाटी आहे. पण हस्तांतरण खरं व्हायचं ते तामलवाडीच्या पुढं, सोलापूरच्या रस्त्यावरच्या एका ढाब्यावर. कंपनीवाले यायचे, सर लोक जायचे, शेवभाजी यायची, आणखीही काही यायचं, आणि ग्लास खाली होईपर्यंत यंत्र कुणाचं, करार कुणाशी, हे ठरलेलं असायचं. या बैठकीला बाईमाणसाला बोलवायची पद्धत नव्हती. बोलवू नका असं कुणी म्हणालं नव्हतं, पण बोलवा असंही कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

खव्याच्या यंत्रासाठी कंपनीवाले आले त्या संध्याकाळी मॅडम आपल्या मोपेडवर तिथं पोचल्या. ही मोपेड मागंही जायची. गिअर त्यांनी स्वतः बसवलेला. त्या आत आल्या तसे टेबलावरचे सगळे ग्लास टेबलाखाली गेले. मी तिथंच होतो, भाकरी खायला, दुसरं काही नाही. मॅडम खुर्ची ओढून बसल्या, ठेचा मागवला आणि वाटीत चमचा घालून ढवळायला लागल्या.

कंपनीचे साहेब फार नम्र. त्यांनी हसून विचारलं, "मॅडम, आपण सरांच्या असिस्टंट का?"

हेडसर घाईनं म्हणाले, "टीम आहे आमची. मुख्य संशोधक मी, सहायक मॅडम. अर्ज भरून तयार ठेवलाय, मॅडम, तुमची तेवढी सही पाहिजे. मग करार कुलगुरूंच्या हस्ते. मोठा कार्यक्रम करू. ताट तुमच्याकडं आहेच."

चमचा चालू होता. कट्. कट्.

"सर, भट्टीपुढं तुमी कितीदा बसलात?"

"आता असं बघा मॅडम, विभाग माझा, मशीन विभागात झालं. तुमी लई मनाला लावून घेता. नाव आलं म्हंजे झालं की. पहिलं काय अन् दुसरं काय."

"मग माझं पहिलं लावा, तुमचं दुसरं."

यावर हेडसर हसले, कंपनीचे साहेब हसले, आणि मीही भाकरी घशात अडकल्यासारखं केलं. मॅडम हसल्या नाहीत.

"आणि मी सही नाही केली तर?"

"तर तुमचं नाव काढून पाठवावं लागंल," हेडसर म्हणाले, आणि खरं सांगतो, ते प्रेमानंच म्हणाले. "काम थांबत न्हाई, मॅडम."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी विद्यापीठाच्या त्या कक्षात फोन लावला. सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिकडच्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं मॅडम, तुमच्या हेडसरांकडं फोन द्या." मॅडमनी फोन ठेवला, आणि त्या आठवड्यात स्टाफरूममधले तीन चमचे वाकले.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. हेडसर दर वर्षी आम्हा सगळ्यांना पेटंटवर व्याख्यान द्यायचे. त्यात एक मुद्दा ते टेबलावर मूठ आपटून सांगायचे. अर्ज जाण्याआधी वस्तू चारचौघांत उघडी केली, की संपलं. मग ती सगळ्या जगाची झाली. मग तुम्ही डोकं आपटलं तरी पेटंट मिळायचं नाही. हे व्याख्यान आम्ही सगळे झोपून ऐकायचो. मॅडम पहिल्या रांगेत, जाग्या असायच्या.

तर शुक्रवारी मॅडम हेडसरांच्या केबिनमध्ये गेल्या आणि म्हणाल्या, भूमला बाजारादिवशी बारसं आहे, यायचं. हेडसर खूश झाले. मॅडमचा राग गेला असं त्यांना वाटलं. पोरगा का पोरगी, म्हणून विचारलंही. मॅडम म्हणाल्या, तोंड अजून झाकलेलं आहे, बाजारातच उघडायचं.

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. एव्हाना मला वास आला होता.

"मॅडम, बारसं कुणाचं?"

"ज्याच्यावर इतकी वर्षं घातली त्याचं."

"अहो, पण भर बाजारात कापड काढलं तर सरांचं जाईल तसं तुमचंबी जाईल की."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काम केलं, पण त्यांच्या डोळ्यांत धुराचं पाणी असतं तसं पाणी मी तेव्हाच पाहिलं.

"जाईल की मास्तर. मला काय ते कळत न्हाई? माझं गेलं तर भूमच्या बायांचं होईल. कुठलाही लोहार बनवून देईल त्यांना. पण मी केलेलं त्या माणसाचं म्हणून चारचौघांत सांगायचं, अन् मी कडेला ताट धरून उभं राहायचं, हे या जन्मात होणार न्हाई." मग थोड्या हळू म्हणाल्या, "तुमी काय चहाड्या करणारे न्हाई. पण सरांना कुठं भेटलात तर सांगायला हरकत न्हाई."

मी चहाड्या करणारा नाहीच. म्हणून बाजाराच्या दिवशी सकाळपर्यंत थांबलो, आणि हेडसर पोहे खात असताना सहज त्यांच्या घरी गेलो. बारसं यंत्राचं आहे, म्हटलं. त्यांच्या हातातली बशी तशीच हवेत राहिली. मी खुर्चीवर बसलो, त्यांनी लॅपटॉप शोधला, अर्ज टाकायला गेले तर भारनियमनात नेट गेलेलं, मग चष्मा शोधला, गाडीची किल्ली शोधली, आणि एवढ्या वेळात बशी खाली आली नाही. असं मी पाहिलं म्हणून सांगतो.

भूमच्या बाजारात त्या दिवशी भाजी कमी आणि बाया जास्त. भट्ट्या बंद ठेवून आलेल्या. खव्याच्या अड्ड्याशेजारी चिंचेखाली पाळणा बांधलेला, बैलगाडीच्या जोखडाला, कारण साधा पाळणा ते वजन धरेना. यंत्राचं वजन एका भरल्या शेळीएवढं. शेळी म्हणजे आपली उस्मानाबादी. जिल्ह्याचं नाव बदललं, शेळीचं अजून कुणी बदललेलं नाही. पाळण्यात यंत्र, वर इरकली लुगडं घट्ट गुंडाळलेलं, आणि त्याच्या टोकावर कुणीतरी चक्क टोपडं घातलेलं. लांबून खरोखर एखाद्या पैलवानाचं बाळ वाटत होतं.

लुगडं मॅडमच्या थोरल्या बहिणीचं. त्यांना सगळा गाव अक्का म्हणायचा. मॅडम शिकायला गेल्या तेव्हापासून भट्टीवर एकट्या बसलेल्या. अक्का पाळण्याच्या डोक्याशी बसल्या होत्या, हातात घुगऱ्यांचं पातेलं.

बाळाला पाळण्याखालून-वरून द्यायचा प्रकार सुरू झाला. चार बाया इकडून, चार तिकडून, शेळीएवढं लोखंड खालून द्यायचं, वरून घ्यायचं. एकीचा चुडा फुटला, पण लुगडं ढळलं नाही. तेवढ्यात हेडसरांची गाडी कांद्याच्या ढिगाला धडकून थांबली आणि हेडसर लॅपटॉप छातीशी धरून उतरले.

"मॅडम, कापड काढू नका. असला येडेपणा करू नका. कुलगुरूंना तारीख दिली मी."

"मी कुठं काढलंय? पाळणा म्हणायचा राहिलाय अजून. पाळणा झाला की काढणार. घुगऱ्या घ्या."

अक्कांनी त्यांच्या हातावर घुगऱ्या ठेवल्या. रीतच आहे, बारशात पुरुषाला घुगऱ्या खाण्यापलीकडं काम नसतं.

"काय पाहिजे तुमाला?" हेडसर म्हणाले.

"अर्ज भरून तयार हाय म्हणाला होतात. नाव दुरुस्त करा अन् पाठवा. इथं, माझ्यासमोर."

"बरं, पहिलं तुमचं. दुसरं माझं."

मॅडम पाळण्याची दोरी हलवत होत्या. "सर, वर काय दिसतंय ते नका सांगू. भट्टीपुढं कितीदा बसलात?"

हेडसर घुगऱ्यांकडं बघत राहिले. मग त्यांनी जे सांगितलं त्याबद्दल मला त्यांचा आजही आदर आहे. हजार माणसांत ते म्हणाले, "एकदा. फोटोपुरता."

"मग एकच नाव लावा."

त्यांनी लॅपटॉप उघडला. आता भूमच्या बाजारात नेटवर्क म्हणजे पावसासारखं. येतं तेव्हा सगळीकडं आणि येत नाही तेव्हा कुणाच्या बापाला येत नाही. गाडीच्या बॉनेटवर येईना, रसवंतीच्या बाकड्यावर येईना. शेवटी कडब्याच्या गाडीवर चढल्यावर दोन काड्या दिसल्या. माझा मोबाइल मी हात वर करून धरला, हेडसर कडब्यात मांडी घालून बसले आणि टाइप करू लागले.

इकडं बायांनी पाळणा सुरू केला. पाळणा म्हणजे बाळाच्या एकेका दिवसाचं एकेक कडवं, आणि ते संपलं की नाव ठेवायचं, तोंड उघडायचं. जोवर पाळणा चालू, तोवर सरांना वेळ. अक्कांनी पहिलं कडवं तिथल्या तिथं रचलं.

"पहिल्या दिवशी पेटली भट्टी, धूर डोळ्यांत, राख ती हट्टी, लेकीनं केली लोखंडाशी गट्टी, जो बाळा जो."

दुसऱ्या दिवसात दूध आलं, तिसऱ्यात कढई, चौथ्यात मोटर. पाचव्या दिवशी ढाबा आला, आणि टेबलाखाली गेलेले ग्लासही आले. हे अक्कांना कुणी सांगितलं ते मला ठाऊक नाही, मी चहाड्या करत नाही. सहाव्या दिवसापासून सगळा पाळणा हेडसरांवर. ते कडब्यावर, घामानं निथळताहेत, चाक फिरतंय स्क्रीनवर, आणि खाली शेकडो बाया त्यांना ओवीत घालताहेत. बारावा दिवस आला. बारावा संपला. चाक फिरतंच होतं. तेराव्या दिवसाचं नाव बारशात काढायचं नसतं, तो दिवस वेगळ्या कामाचा. बाया थांबल्या. मॅडमनी लुगड्याच्या पदराला हात घातला.

मी कडब्यावरून बघत होतो. माणसानं आयुष्य घातलेली वस्तू स्वतःच्या हातानं वाऱ्यावर सोडायची, हे बोलायला सोपं आहे. पण तो हात मागं येणार नव्हता, हे माझ्याइतकंच हेडसरांनाही कळलं.

"अक्का," वरून हेडसर ओरडले, "अजून एक म्हणा. माझ्यावर म्हणा, पण म्हणा."

अक्कांनी मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी मान हलवली. अक्का पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झाल्या, या खेपेला सरांच्या शाळेपासून. सरांच्या छत्रीवर कडवं, पंख्यावर कडवं, ताटावर तर दोन. आणि ताटाच्या दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर लॅपटॉपनं टिंग केलं.

हेडसर स्क्रीन मॅडमकडं फिरवून उभे राहिले. "गेला," म्हणाले. "एकट्या तुमच्या नावानं गेला."

मॅडमनी कडब्याच्या गाडीजवळ जाऊन स्वतः वाचलं. खाली, वर, पुन्हा खाली. मग मागं फिरल्या आणि लुगडं ओढलं.

सगळा घोळका यंत्राकडं सरकला, त्या धक्क्यानं मी कडब्यावरून पडलो, म्हणून पुढचं ऐकून सांगतो. मोटर लावली, कढई चढवली, यंत्र चाललं. भट्टीवर जन्म गेलेल्या त्या बायांतल्या एकीनं नुसतं आपलं मनगट दुसऱ्या हातात धरलं, मग दुसरीनं, मग सगळ्यांनीच.

नाव ठेवायची वेळ आली तेव्हा एका म्हातारीनं अडवलं. नाव आत्यानं ठेवायचं, म्हणाली, म्हणजे बापाची बहीण पाहिजे. बाप कोण याचा? सगळ्या बाजारानं कडब्याच्या गाडीकडं पाहिलं. हेडसर पटकन लॅपटॉपच्या मागं झाले.

"बाप न्हाई त्याला," अक्का म्हणाल्या. "आई हाय अन् मावशी हाय. सरकारनंबी आता आईचं नाव आधी लावायला सांगितलंय, आमी नुसतं तिथंच थांबतो." आणि त्यांनी वाकून, मोटरची वायर जिथून आत जाते त्या भोकाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते त्यांनी आजवर कुणाला कळू दिलं नाही. अर्जावर ओळभर लांबीचं शास्त्रीय नाव आहे, ते कुणी घेत नाही. भूमकडं त्या यंत्राला 'मॅडमचं' म्हणतात. मॅडमचं आणलंय, मॅडमचं बिघडलंय, मॅडमच्याला तेल दे.

करार झाला, मोठ्या हॉलमध्येच झाला. कंपनीचे तेच नम्र साहेब आले. कुलगुरू आले. पहिल्या रांगेत भूमच्या बाया बसल्या, अक्का मधोमध. आणि स्टेजच्या कडेला, आमच्या विभागात नुकतीच लागलेली एक तरुण प्राध्यापिका शाल, नारळ, गुच्छ असं ताट घेऊन उभी. कुणी तिला उभं केलं होतं, ते कुणालाच माहीत नव्हतं. हे असंच असतं, उभं करणारा कधी सापडत नाही.

मॅडमचं नाव पुकारलं. त्या स्टेजवर चढल्या, पण कुलगुरूंकडं गेल्या नाहीत. आधी त्या मुलीजवळ गेल्या, तिच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि तिला अक्कांच्या शेजारच्या खुर्चीकडं बोट दाखवलं. मग ताट घेऊन त्या स्टेजवर बसलेल्या हेडसरांपुढं येऊन उभ्या राहिल्या. हेडसर उठले, सवयीनं शालीसाठी मान खाली केली. मॅडमनी ताट त्यांच्या हातांत ठेवलं.

माइक चालू होता. मी बंद करू शकलो असतो, बटणाजवळ मीच बसलो होतो.

"धरा सर," मॅडम म्हणाल्या. "याला ढवळायचं नसतं. नुसतं धरायचं असतं. एवढं जमंल तुमाला."